उलट्या ताटाचे मालक

माझ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या श्रीवर्धन तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका सहज फसलेला माणूसही दुसरा झाला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुपारीची वडिलोपार्जित वाडी, अंगात बारा महिने तीच बंडी, आणि समोरचा आता आपलं काहीतरी घेऊन पळणार असा कायमचा चेहरा. सुपारीच्या पानाचा देठाकडचा रुंद, चिवट भाग गळून पडतो, त्याला आम्ही विरी म्हणतो. या विरी पिढ्यानपिढ्या चुलीत जायच्या. साडूंच्या डोक्यात आलं, की त्या भिजवून, तापलेल्या साच्यात दाबून जेवणाची ताटं करावीत. तशी ताटं इतरही करतात. पण साडूंच्या ताटाला वाट्यांऐवजी खळगे होते आणि त्या खळग्यांची मांडणी त्यांची स्वतःची होती.

झालं, परसातल्या रिकाम्या गोठ्याला तीन कुलपं लागली. एकाची चावी कमरेला, दुसऱ्याची तांदळाच्या डब्यात, आणि तिसरी साडूंनी स्वतःपासूनही लपवली असावी, कारण ते कुलूप दर आठवड्याला दगडाने फोडावं लागे. साच्याची वरची बाजू म्हसळ्याच्या लेथवाल्याकडून करवून घेतली आणि खालची माणगावच्याकडून, का तर पुरती वस्तू कोणालाच कळू नये. त्या दोन बाजू एकमेकींवर नीट बसेपर्यंत अख्खा पावसाळा उलटला. विजेचं मीटर वाचायला माणूस आला की साडू गोठ्याच्या दारात गोणपाट धरून उभे राहत आणि आकडे स्वतःच मोठ्याने वाचून दाखवत. हरिहरेश्वराला नारळ ठेवतानाही पुटपुटले ते एवढंच, "देवा, ते काम व्हऊ दे." कोणतं ते सांगा की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "देवाला ठाव हाय. बाजूच्या माणसाला कशाला?"

मी नोकरी केली ती उरणला, बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या कचेरीत. त्यामुळे नात्यागोत्यात कुठे कागद निघाला की तो माझ्याकडे येतो. ताटाच्या आकाराची सरकारदरबारी नोंद करून घ्या, म्हणून मीच साडूंच्या मागे लागलो होतो. अर्ज मी भरला, मुंबईच्या वकिलाकडे मीच पोचवला. सोबत जोडायचे फोटो साडूंनी लाखेने बंद केलेल्या पाकिटात दिले आणि वर बजावलं, "उघडू नका." म्हणजे अर्जातलं अक्षर माझं, धावपळ माझी, आणि ताट कसं दिसतं ते मला माहीत नाही! गोठ्याचा उंबरा तर तीन वर्षांत एकदाही ओलांडू दिला नाही. मी ते हसण्यावारी नेत असे, पण मनाला लागलं होतं, हे आज कबूल करतो.

अर्ज दाखल झाला आणि ताटं बाहेर आली. घरच्या पूजेच्या पंगतीत ती पहिल्यांदा मांडली, तर सगळी पंगत हसायला लागली. आपल्या ताटात भाजी-आमटी उजवीकडे आणि चटणी-लोणचं डावीकडे. इथे बरोबर उलटं, आमटीचा खळगा डाव्या हाताला. "काय हो, साचा उलटा बसला काय?" कोणीतरी विचारलं. साडू म्हणाले, "तसंच हाय ते," आणि भात वाढत पुढे गेले. साडूंची बायको, म्हणजे आमच्या आक्का, मान खाली घालून जेवत होत्या.

महिन्याभरात मुंबईच्या एका प्रदर्शनात युरोपातल्या एका व्यापाऱ्याने ही ताटं पाहिली आणि तो थेट श्रीवर्धनला येऊन थडकला. साडूंनी त्याची बडदास्त व्याह्याची ठेवली. शहाळं काय, मोदक काय, सोलकढी काय. शहाळं अर्धं झालं नाही तोच त्याने विचारलं, ताटं करता कशी? आणि ज्या माणसाने देवालाही कामाचं नाव सांगितलं नव्हतं, त्याने उठून तिन्ही कुलपं काढली. तिसरं दगडाने. पाहुणा बुटांसकट आत गेला. त्याने साचा हातात घेतला, फोटो काढले, मापं टिपून घेतली, आणि मापं सांगत होते स्वतः साडू. मी उंबऱ्याबाहेर त्याचं अर्धं शहाळं धरून उभा होतो. तो गेल्यावर मी विचारलं, "अहो, हे काय केलंत?" तर साडू माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच वेडा. "पाव्हण्याला दारात ठेवायचं व्हय? आपल्यात तसं न्हाय. आन् आपला सरकारी कागद येतोय की. शिक्का हाय त्याला."

तो शिक्का आपल्या देशापुरता चालतो, हे मला ठाऊक होतं. इथे अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत बाहेरच्या देशातही अर्ज करता येतो, आणि तो आपल्या इथल्याच तारखेचा धरतात, हेही ठाऊक होतं. वकिलाने मला मुद्दाम सांगितलं होतं, साडूंच्या कानावर घाला म्हणून. मी घातलं नाही. म्हटलं, ज्याला बुटांसकट आत घेतला त्यालाच विचारा. मग दर महिन्याला वाटायचं की पुढच्या खेपेला सांगू, एवढी काय घाई आहे. साडूंकडून पाहुण्याच्या देशात मालाच्या खेपा जात होत्या, आक्का खूश होत्या, आणि मी माझा रुसवा कुरवाळत बसलो होतो. सहा महिने सरले.

चौथ्या खेपेला साडूंचा फोन आला. "साडूभाऊ, माल तिकडं आडकलाय. आपण नक्कल केली आसं लिवलंय." पाहुण्याने ताटाचा आकार त्याच्या देशात स्वतःच्या नावावर नोंदवला होता. आता तिथे साडूंनी साडूंचंच ताट विकायचं नव्हतं. मी श्रीवर्धनला गेलो. पत्रासोबत पाहुण्याच्या ताटाचा फोटो होता. आमटीचा खळगा डावीकडेच. ज्या देशात आमटी होत नाही, तिथेही तो डावीकडेच. आक्कांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग मला म्हणाल्या, "त्यांना येवढंच इचारा भाऊजी, तुमच्या घरात डावखुरं कोन हाय?"

आक्का डावखुऱ्या आहेत हे मला माहीत होतं. पण सासरी डाव्या हाताने जेवायची चोरी, म्हणून उजव्या हाताने चिवडत, अर्धपोटी उठण्यात त्यांची वर्षं गेली. चारचौघांत त्या उजव्याच हाताने जेवायच्या, त्यामुळे ताटाचा आणि त्यांचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही. आता आठवलं, त्या पूजेच्या पंगतीत त्या पहिल्यांदाच सगळ्यांदेखत डाव्या हाताने जेवल्या होत्या, आणि आम्ही सगळे ताटाला हसत होतो.

आक्कांचा प्रश्न मी पत्रात जसाच्या तसा लिहिला. चार पानी उत्तर आलं, त्यात सगळं होतं, फक्त या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. भांडता येईल, असं वकील म्हणाला, पण त्यांच्या देशात जाऊन, आणि वर्षानुवर्षं. साडूंनी मानेनेच नको म्हटलं. मग मात्र मला राहवलं नाही. सहा महिन्यांची गोष्ट मी त्यांना सांगून टाकली, माझ्या रुसव्यासकट. आता हे मला घराबाहेर काढणार, अशी मनाची तयारी केली. साडू हातातल्या विरीचे बारीक तुकडे करत बसले होते. शेवटचा तुकडा खाली टाकत म्हणाले, "मी तुमाला आदी आत बोलवायला पायजे व्हतं." याहून त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती ताटं आसपासच्या लग्नकार्यांना तेवढी जातात. गोठ्याला कुलूप नसतं. मीटरवाला सरळ आत जाऊन आकडे टिपतो. मी गेलो की साडू आतूनच हाक मारतात, "या साडूभाऊ, आत या, साचा दावतो." मी म्हणतो, इथेच बरं आहे, वारा येतोय. तीन वर्षं ज्या उंबऱ्यासाठी मी रुसलो, त्याच्या बाहेर बसून राहतो.