दोन-दोन रबरं

माझ्या वरच्या पुढच्या चार दातांची मुळं निम्मीच उरली आहेत. आज कोणता वार आहे हे सांगावं, तसं मी आता हे सांगते. दात जागेवर आहेत, सरळ आहेत, दिसायला झकास आहेत. जिभेनं ढकलले की हलतात, म्हणून मी ढकलत नाही.

अल्लीपूरजवळ आमची भाजीची वाडी आहे. कॉलेजात असताना, पुढे आलेले दात आत घ्यायला, वर्ध्याच्या एका डॉक्टरांकडून मी तारा लावून घेतल्या. शेवटी शेवटी त्यांनी बारीक रबरांची पुडी दिली. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत प्रत्येक बाजूला एक रबर ताणून अडकवायचं, जेवताना काढायचं, पुन्हा लावायचं. मी पक्की आळशी. तोडणीच्या दिवसांत तर चार-चार दिवस रबराची आठवणही होत नसे.

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला लाइन, म्हणजे वीज, ठरलेल्या दिवशीच येते. पाण्याची पाळी चुकली की पुढच्या पाळीला बाबा वाफे दुप्पट भरतात. वांगी बिचारी तक्रार करत नाहीत. एकदा बाबांनी मला रबराशिवाय पाहिलं आणि म्हणाले, "चार दिस राह्यलं असन, तं आता दोन-दोन लावजो. भरून निंघते."

मला ते पटलं. सहा-सात महिने मी दोन-दोन रबरं लावली. दात ठणकायचे, आणि ठणकतात म्हणजे सरकून राहिले, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. डॉक्टरांकडे जाताना मात्र मी एकेकच लावून जायची. म्हणजे आपलं चुकतंय हे मला कुठेतरी ठाऊक असणारच.

मग एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी दाखवला. जुन्यात मुळं लांब, निमुळती होती. नव्यात ती फळ्यावर घासून संपत आलेल्या खडूसारखी बुटकी दिसत होती.

"आता इथेच थांबू, तारा काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "झिजलेलं मूळ परत वाढत नाही. जास्त ताण पडला की असं होतं. रबर एकच लावत होतीस ना?"

बाबा शेजारच्या खुर्चीत होते, टोपी मांडीवर घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फरशीकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"एकच," मी म्हणाले.

"मग तुझी ठेवणच तशी असेल. काही जणांच्यात रक्तातच असतं. घरात आणखी कुणाला तारा लावायच्या असतील, तर जरा विचार करा."

घरात धाकटी बहीण होती. तिचे दात माझ्यापेक्षा पुढे. दहावी झाली की तुलेही लावू, असं तिला कबूल केलेलं. त्या संध्याकाळी बाबा तिला म्हणाले, "तुले नाई लावायच्या तारा. आपल्या घराण्यातच हाय ते." मी मेथी निवडत होते. मान वर केली नाही. दोन-दोन रबरांचं बाबांनी काढलं नाही, मीही नाही. तिनं काऊन म्हणून विचारलंसुद्धा नाही, माझे दात हलतात हे तिला दिसतच होतं.

याला तीन वर्षं झाली. सांगायला रोजचा दिवस होता. लाज वाटते का? वाटते, पण दाताच्या इंजेक्शननंतर बधिर गालाला चिमटा काढला तर जेवढं कळेल तेवढीच.

गेल्या महिन्यात ती कॉलेजच्या फॉर्मचा फोटो काढून आली. फोटोवाल्यानं तीनदा ओठ मिटायला सांगितलं, तिचे मिटले नाहीत. फोटो तिनं आम्हाला न दाखवताच पिशवीत टाकला आणि माझ्यासाठी भाकरीचे बारीक तुकडे करायला बसली. मला पुढच्या दातांनी तोडता येत नाही, म्हणून हे काम तिनं आपणहून घेतलंय.

"बरं झालं ताई, पयले तुले लावल्या," ताट माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली. "तुह्यामुळं मी वाचली."

बाबा समोरच जेवत होते. मी "हो" म्हणाले आणि जेवायला लागले.