रेणू कोनाची पोर?

बायको गेली तेव्हा अख्खं सारसोळे गाव मला धीर द्यायला आलं. जिवंत होती तेव्हा हेच लोक तिला बेवडी म्हणायचे. नेरूळच्या मार्केटात म्हावरं विकायची, उठताना तोल जायचा, म्हणून. बाईनं उभ्या जन्मात दारू चाखली नाही, ते खातं माझ्याकडं होतं. पुढं पाय गेले, जीभ जड झाली. मला शिव्या देताना शब्द अडकायचे, त्याचं तिला पायांपेक्षा जास्त दुःख.

यंदा मुलीचा पाय जिन्यावर चुकायला लागला. ती बोलली नाही, मीही नाही. मग एक दिवस मलाच घेऊन डॉक्टरकडं गेली.

डॉक्टरीणबाईंचं मराठी इस्त्री केलेलं. बायकोचं सगळं ऐकून म्हणाल्या, "आईचा बिघडलेला जीन तुमच्यात आला असेल किंवा नसेल. रक्त तपासलं की कळेल. औषध आज नाही. पण असा जीन बंद करणारे कृत्रिम रेणू बनवायचं काम चालू आहे."

"ही रेणू कोनाची पोर? महाप्याच्या कंपनीत कामाला हाय का?"

मुलगी फिसकन हसली. "बाबा, रेणू म्हंजे मॉलिक्यूल. औषधाचा बारका कन."

"मंग कन बोला ना! आमच्यात रेणू म्हंजे रेणुका, एकविरा आई. तिला कृत्रिम बोललात तर बकरा द्यावा लागंल."

बाईंनी फाईल तोंडापुढं धरली. खांदे हलत होते.

"बरं, तो कन पोचलाय कुठं?"

"सध्या उंदरांपर्यंत."

"म्हंजे उंदीर सरळ चालनार, आनि माझी बायको गेली."

बाईंनी फाईल खाली ठेवली.

मी मुलीला म्हटलं, "रगत देऊ नको. औषधच नाय, तर कळून काय करशील?"

"आईला मरेपर्यंत कळलं नाय काय झालंय ते. तिला वाटायचं, आपलंच कायतरी चुकलं. मला तसं मरायचं नाय, बाबा."

तिनं बाही वर केली.

रिपोर्ट आला. आईचाच जीन निघाला.

घरी रिक्षातून उतरताना मी हात पुढं केला.

"ठेवा खाली," ती म्हणाली. "लागंल तवा मागीन."

मी हात खाली घेतला. खिशात मात्र घातला नाही.