सुमनची नजर

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. आज बागेत एक बाई मोबाईलवर खेळताना स्वतःशीच हसली आणि मला माझीच किळस आली.

माझी बायको सुमन अशीच हसायची. तिच्या ऑनलाइन खेळात रक्ताच्या नमुन्यांची चित्रं येत. त्यांत मलेरियाचे जंतू शोधून बोट टेकवायचं; हजारो खेळाडूंची उत्तरं जुळवून संशोधक ती वापरत. माझा जन्म प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेलेला. “अहो, आता तुमची गरज संपली!” ती चिडवायची. कुठल्या अनोळखी तापकऱ्यासाठी ती आपली दुपार वेचायची, आणि मला ते खुपायचं.

एकदा ती झोपलेली असताना मी तिच्या नावाने मुद्दाम चुकीच्या जागी बोटं टेकवली. फार चुका होतात असं सांगून खेळाने तिची उत्तरं घेणं बंद केलं.

“नजर गेली हो माझी,” ती म्हणाली. मग तांदूळ निवडणंही तिने सोडलं.

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. “डोळे उत्तम आहेत,” ते म्हणाले, तरी तिला पटेना. परतताना रिक्षात तिने माझा हात धरला. “किती करता हो माझ्यासाठी!”

सुमन, ती बोटं माझी होती, मला क्षमा कर, एवढंच म्हणायचं होतं. ती जाईपर्यंत ते जमलं नाही. त्या दिवशी मी रिक्षावाल्याला फक्त डावीकडे वळायला सांगितलं.