गच्चीवरचा पांढरा मांडव

रेल्वेतल्या माणसाला रंगाचा डबा दिसला की हात शिवशिवतात. निवृत्तीनंतर ह्यांनी गच्चीवर जाईसाठी प्लॅस्टिकच्या पाइपांचा मांडव केला आणि उत्साहाच्या भरात त्याला घरात उरलेला काळा ऑइलपेंट फासला. झाशीचं ऊन ते! काळे पाइप इतके तापले की ओल्या पापडासारखे वाकले. मी हसून हसून बेजार. मग सीपरी बाजारातून नवे पाइप आले, आणि दरवर्षी रंगपंचमी झाली की त्यांना बाहेरच्या भिंतीला देतात तो पांढरा रंग. आधी पॉलिश पेपरनं घासायचं, नाहीतर रंग धरत नाही. आणि रंग नसला तर ऊन खाऊन पाइप असा ठिसूळ होतो की हातानं मोडावा.

हे स्टुलावर, मी खाली स्टूल धरून. "धर नीट!" हे वरून ओरडायचे. "धरलंय हो, झोपले नाहीये मी!" मी खालून.

हे गेले. मुलगा पुण्याला. सारखं त्याचं एकच, "आई, तिथे आता कोण आहे आपलं? ये ना इकडे." एकदा चिडून बोलून गेले, "मांडव उभा आहे तोवर मी झाशी सोडणार नाही!" पठ्ठ्यानं तेच धरून ठेवलं. हल्ली फोनवर आधी मांडवाची चौकशी, मग माझी.

यंदा रंगपंचमीनंतर मीच डबा घेऊन वर गेले. खालचे पाइप झाले. राहिली वरची कमान, उन्हाचा खरा मार तिथेच. स्टुलावर चढले, हात उंच केला, स्टूल डुगडुगलं आणि तोंडातून निघालं, "अहो, धरा ना नीट!"

मग रडूच आलं. ब्रश हातात तसाच.

शेजारची सून त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कठडा ओलांडून आली. "अम्मा जी, किससे बोल रही हैं?"

तिला मराठी कळत नाही, बरंच आहे. म्हटलं, "किसी से नहीं, बेटा. ज़रा स्टूल पकड़ लो."

तिनं घट्ट धरलं. कमान पांढरी झाली.

संध्याकाळी मुलाला सांगितलं, मांडव रंगवला, आता काही होत नाही त्याला. तो "बरं, आई," म्हणाला आणि फोन ठेवला.

जिंकले मी. आता इथेच राहायचं. एकटीनं.