मनगटावरची रिबीन

माझ्या सुनेच्या माहेरी एक जाडजूड पुस्तक आहे. दुकानात मिळणारं नव्हे, घरीच टाइप करून स्पायरल बाइंडिंग केलेलं. सुनेच्या पणजीच्या आजीची ती हकीकत. ही बाई डेन्मार्कची. मॉर्मन धर्म घेतला म्हणून गाव सोडलं, नवरा आणि तीन पोरं घेऊन जहाजात बसली. नवरा वाटेतच गेला. बैलगाडी परवडणारी नव्हती, म्हणून दोन चाकांची हातगाडी स्वतः ओढत, पोरांना चालवत, शेकडो मैल पायी अमेरिकेतल्या यूटाला पोचली. मुलाच्या लग्नात मी विहीणबाईंना पैठणी दिली आणि त्यांनी मला त्या पुस्तकाची प्रत दिली. घरी आल्यावर मी म्हटलं, बरं झालं, निदान ब्लाउजपीस शिवायला नको.

पण वाचलं मी ते. त्यात यूटातल्या पहिल्या चुलीवर दोन पानं आहेत, चीज कसं करायची यावर एक अख्खं पान आहे. आणि थोरली मुलगी वाटेत वारली, चौदा वर्षांची, तिच्यावर चार ओळी. पोर दुपारी बसली ती उठली नाही. नदीकाठी पुरली. जमीन कडक होती. संध्याकाळी पुन्हा गाडी उचलली. संपलं! म्हातारपणी त्या बाईने हे स्वतः सांगून लिहून घेतलं म्हणे. मी मुलाला फोन करून म्हटलं, "अरे, ही कसली आई? चीजला पान आणि पोटच्या पोरीला चार ओळी?" तो म्हणाला, "आई, प्लीज हे तिच्यासमोर बोलू नकोस." मी बोलले नाही, पण तेव्हापासून ती बाई माझ्या मनातून उतरली ती उतरलीच.

मी मूळची नागपूरची. अमेरिकेतच श्रूजबरीत चौतीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. हे मुद्दाम सांगते, कारण भूल देणारा माणूस आयुष्यभर काय करतो, तर टेबलावरच्या माणसाच्या शरीरात किती पाणी चाललंय आणि किती मीठ, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो.

तर त्या उन्हाळ्यात मी मुलाकडे यूटाला गेले होते. त्यांच्या चर्चमधली चौदा ते अठरा वर्षांची पोरं दर काही वर्षांनी तीन दिवस त्या जुन्या वाटेवर जातात. मुली लांब झगे आणि बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची जुनी टोपी, घालतात, मुलं पँटला खांद्यावरून पट्टे लावतात, आणि खऱ्याखुऱ्या हातगाड्या ओढतात. माझी नात नुकती चौदाची झाली होती. सून सोबत जाणार होती, मुलाला सुट्टी नव्हती. मी म्हटलं, मीही येते, डॉक्टर आहे, कामाला येईन. खरं तर मला त्या वेडेपणावर लक्ष ठेवायचं होतं. बॉनेट घालायला मात्र मी साफ नकार दिला. सलवार-कमीज, स्नीकर्स, डोक्यावर टोपी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पोराच्या हातात पूर्वजाच्या नावाची रिबीन बांधायची प्रथा असते. ज्याचं नाव, त्याच्या वतीने दिवसभर चालायचं. सुनेने माझ्या नातीच्या मनगटावर बांधली ती त्या नदीकाठी पुरलेल्या मुलीच्या नावाची.

माझं टाळकंच सरकलं. "मेलेल्या पोरीचं नाव जित्या पोरीच्या हातात? तेही त्याच वयाच्या? डोकं ठिकाणावर आहे का?" मी रिबिनीखाली दोन बोटं घातली, सहज गेली ती, आणि ओढायला लागले. सुनेने माझा हात धरला. रागाने नव्हे. तिला मोडकंतोडकं मराठी येतं. म्हणाली, "आई, प्लीज. हे आमच्यात शुभ आहे." शुभ हा शब्द तिला मीच शिकवलेला. नात म्हणाली, "आजी, चिल. शी वॉज माय एज. आय लाइक हर." मी बोटं काढून घेतली.

पण धास्ती काही जाईना. माळरान नुसतं भाजत होतं, झाड म्हणून औषधाला नाही. मनात तीच ओळ, पोर दुपारी बसली ती उठली नाही. मग मी माझ्या परीने उतारा शोधला. पाणी. मी नातीच्या गाडीबरोबर चालत राहिले आणि दर दहा मिनिटांनी तिच्या तोंडाला बाटली लावत राहिले. पी. अजून पी. संपव. आमच्या गटाचा पुढारी एक उंच शाळामास्तर होता. तो सकाळीच सगळ्यांना बजावून गेला होता की पाणी थोडं थोडं घ्या आणि प्रत्येक वेळी सोबत खारे प्रेट्झेल खा, मीठ लावलेली कडक बिस्किटं ती. नातीच्या दातांना तारा, प्रेट्झेल अडकतात म्हणून ती खाईना. मी म्हटलं, नको खाऊ, पाणी पी. हा शाळामास्तर मला शिकवणार! ती "आजी, आय ॲम सो फुल" म्हणाली तरी मी पाजलं. अकराच्या सुमारास तिचं डोकं दुखायला लागलं. उन्हाने, मी म्हटलं, पाणी पी. मग उलटी झाली. मी म्हटलं, बघ, अंगातलं पाणी गेलं, आता डबल पी.

दुपारी एक टेकडी येते. तिथे पुरुषांना आणि मुलग्यांना आधीच वर पाठवतात आणि गाड्या फक्त बायका-मुली ओढतात. वाटेत विधवा झालेल्यांची आठवण म्हणून. वर पुरुष हॅट काढून दोन्ही बाजूंना गप्प उभे असतात, मदतीला यायची त्यांना मनाई. सून पुढे दांड्याला, नात तिच्या शेजारी, बाकीच्या मुली मागून ढकलत होत्या. मी बाजूने, हातात बाटली. अर्ध्या चढावर नातीने दांडा सोडला. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आजी, डिड वी मिस द स्कूल बस?" आणि खाली बसली.

बसली.

अगं बाई, म्हणून मी तिच्याशेजारी धपकन गुडघ्यांवर पडले आणि देवा शप्पथ सांगते, पहिली गोष्ट काय केली, तर बाटली तिच्या ओठांना लावली. दुसऱ्या हाताने नाडी बघायला तिचं मनगट धरलं. चौतीस वर्षांची सवय, बोटं आपोआप जागेवर जातात. गेली नाहीत. रिबीन मध्ये आली. सकाळी जिच्याखालून माझी दोन बोटं सहज गेली होती, त्या रिबिनीखाली आता नख जाईना. दोन्ही बाजूंनी मांस फुगून आलं होतं आणि कापड त्यात रुतलं होतं.

मग मला सगळं दिसायला लागलं. बोटं सुजलेली. ओठ ओले. अंग थंड. उन्हाने आटलेलं पोर असं नसतं. हे पाण्याने भरलेलं पोर होतं. घामातून मीठ गेलं, वरून मी नुसतं पाणी ओतलं, रक्तातलं सोडियम खाली, मेंदूला सूज. वर्गात मी शिकाऊ डॉक्टरांना शिकवत असे हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ती बाटली मी इतक्या जोरात फेकली की वर उभा एक मुलगा दचकला.

मनाईबिनाई सगळे विसरले. शाळामास्तर धावत खाली आला, कुणी रेडिओकडे पळालं. ॲम्ब्युलन्स येईल ती टेकडीच्या पलीकडच्या रस्त्यावर, इथवर चढणार नाही. माझ्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बाटली होती. त्यांचं जेवण मला मिळमिळीत लागतं म्हणून मी ती कुठेही नेते. मी नातीला टेकवून बसवलं आणि लोणच्याचा खार चमच्याने तिच्या तोंडात घालायला लागले. एक, दोन, पाच. "यक्," म्हणाली ती. तिचं शेवटचं बोलणं हेच असेल का, असं माझ्या मनात आलं. बाप्पा, माणसाच्या मनात काय काय येतं!

हातगाडीतलं सामान मुलींनी भराभर उपसून फेकलं आणि तिला आत घातलं. दांड्याला सून आणि मी. अडुसष्ट वर्षांची मी, गुडघ्यांचं कधीही ऑपरेशन होईल अशी, ओढत होते. मागे मुली रडत ढकलत होत्या. मास्तर बाजूने धावत, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणत होता. एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. तेव्हा ओरडले, "कर, थांबू नकोस, तुझ्याकडे जे असेल ते कर!" मी स्वतः देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडातून सोडियम, सोडियम एवढंच येत होतं. रस्ता दिसायला लागला आणि मागच्या मुलीने किंकाळी फोडली. नातीला फिट आली होती. मी तिला कुशीवर वळवलं, जबडा धरला, आणि सेकंद मोजले. माझ्या हाताखाली हजारो माणसं बेशुद्ध झाली आणि शुद्धीवर आली. हे पोर येईल की नाही, मला माहीत नव्हतं.

ॲम्ब्युलन्सवाले उन्हाचा झटका समजून सलाइनची तयारी करत होते. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की त्यांनी थांबून ऐकलं. साधं सलाइन नको, मिठाचं दाट द्या. हॉस्पिटलात सोडियमचा आकडा आला तो एकशे अठरा, जिथे एकशे पस्तीसच्या खाली जाऊ नये. सून भिंतीला टेकून खाली बसली, आकडा कळला म्हणून नाही, माझा चेहरा बघून.

तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "किती पाणी प्यायली असेल?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सून आधी बोलली. "मला माहीत नाही, सगळेच पीत होते, माझं लक्ष नव्हतं." मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, माझी रिबीन कुठे आहे. नर्सने ती कापून माझ्याकडे दिली होती. माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, हरवली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सुनेने माझे दोन्ही हात धरले. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "आई, सॉरी. तुम्ही बरोबर होता. मी ते नाव बांधायला नको होतं. मी तिला आणायलाच नको होतं." हीच वेळ होती. कुणीही माणूस बोलला असता. मी काय म्हटलं, तर, "जाऊ दे गं. झालं गेलं विसर." मी तिला माफ केलं! तिने काहीच केलेलं नसताना मी तिला माफ केलं, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत राहिली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता त्या घरात माझी आरती ओवाळायचीच काय ती बाकी आहे. आजीने लोणच्याने पोर वाचवली! त्या पाच चमच्यांनी किती फरक पडला असेल ते मला ठाऊक आहे. फारसा नाही. पण सुनेच्या माहेरच्यांच्या पुढच्या मेळाव्याला तिच्या मावश्यांनी माझ्यासाठी मिठाचे डबे आणून ठेवले होते, कौतुकाने. त्या मेळाव्यात दरवर्षी ते पुस्तक वाचतात, आणि नदीकाठचं पान वाचायचा मान सुनेचा, लहानपणापासून. या वर्षी तिची पाळी आली तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, दुसऱ्या कुणीतरी वाचा. मी बघत होते. त्या बाईवर तिची श्रद्धा होती हो, आपली कुलदेवता असते तशी. ती मी मोडली, आणि तेही माझा शब्द खरा झाला असं तिला वाटू देऊन.

त्यांची आणखी एक रीत. प्रत्येक पिढीने त्या पुस्तकात आपलं पान घालायचं. विहीणबाईंनी मला सांगितलं, तुम्ही लिहा, टेकडीचं सगळं लिहा. मी इंग्रजीत लिहायला बसले. आठवडाभर रोज बसले. शेवटी हातात आलं ते असं. नात दुपारी चढावर बसली. मी नाडी बघितली. आम्ही तिला गाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. ती वाचली. मोजलं तर चार ओळी. पाचवी ओळ म्हणजे बाटली, आणि ती मला लिहवेना.

तेव्हापासून त्या डेन्मार्कच्या बाईला मी नावं ठेवत नाही. चीजवर पान लिहिणं सोपं आहे. तिनेही त्या दुपारी काय केलं होतं, पोरीला ओरडली होती, चाल म्हणून ओढलं होतं, की तिच्या वाट्याचा तुकडा धाकट्यांना दिला होता, कोण जाणे. चार ओळींत जे नाही ते तिच्याबरोबर गेलं.

म्हणून हे मी मराठीत लिहिते आहे. मुलगा मराठी वाचायच्या नावाने पहिल्यापासून बोंब. सुनेला बोलण्यापुरतं येतं, अक्षर येत नाही. कागद रिबिनीसकट पर्समध्येच असतो. मी भित्री आहे, दुसरं काय.

फक्त हॉस्पिटलातून आल्यापासून नातीने हट्ट धरलाय की आजीची भाषा वाचायला शिकायचीय. दर रविवारी सकाळी व्हिडिओवर मीच तिला शिकवते. पोर हुशार आहे, बाराखडी संपवली. मागच्या रविवारी आम्ही जोडाक्षरं सुरू केली.