पडद्यावरचं शून्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याच्यापासून मी एरवी काही लपवत नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. आतल्या आत कुजायला लागलंय, एवढं खरं.

मी सिन्नरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर आहे. आम्ही कांदा चिरून वाळवतो. ड्रायरला वाफ किती सोडायची, ते कॉम्प्युटरमधलं एक कार्ड ठरवतं. ते करंट पाठवतं, तेवढा वाफेचा वॉल्व उघडतो. आमचा वॉल्व जुना – शून्य करंटला बंद, वीस मिलीअँपियरला पूर्ण उघडा. नवं कार्ड मात्र चार ते वीसवर लावलेलं येतं – म्हणजे पडद्यावर शून्य असलं तरी ते चार पाठवतं. त्यावरची नखाएवढी टोपी, जंपर, काढून शेजारच्या पिनांवर बसवायची, की झालं. पोरखेळ आहे. नव्या मुलांना मीच शिकवते!

खंडेनवमीला आम्ही सगळी पॅनेलं उघडून पुसतो, हळदकुंकू वाहतो. त्या वर्षी पुसताना जुन्या कार्डाची पिन माझ्याच हातून वाकली. कपाटातलं नवं बसवलं. बाहेर आरतीला सगळे खोळंबलेले, मालक आलेले, "मॅडम, चला की" चाललेलं – आणि मी जंपर पाहिलाच नाही. पॅनेलच्या दाराला झेंडूची माळ तेवढी न विसरता घातली.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या पाळीला ड्रायरवर आमचे जुने ऑपरेटर निवृत्तीकाका होते. ड्रायरमधून कांदा नेणारा पट्टा थांबवून त्यांनी वाफ बंद केली, पडद्यावर शून्य पाहिलं, चहाला गेले. नेहमीसारखे. पण वॉल्वला चार मिलीअँपियर जातच होते. तो थोडा उघडाच राहिला. काका परत येईपर्यंत कांद्याचा कोळसा झाला होता.

साहेबांनी मला विचारलं. मला तोवर कळलं होतं का? – हो. करपल्याचा वास आला तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हणाले, "सिग्नल बरोबर आहे, सर. बाजूचा हाताने फिरवायचा वॉल्व काकांकडून उघडा राहिला असेल." मग सगळे गेल्यावर जंपर बदलला. दार लावून झेंडूची माळ सरळ केली – याची लाज वाटते.

"म्या बंदच ठेवला व्हता, ताई," काका एवढंच म्हणाले. ते भांडले असते तर मी खरं बोलले असते का? नसते. उगीच कशाला.

त्यांना गोण्या शिवायला बसवलं. मला वाटलं, विसरतील. पण त्यांचा माझ्यावर फार विश्वास – ताई म्हणतात सिग्नल बरोबर, म्हणजे आपलंच डोकं चळलं. आधी मोटरसायकल चालवणं सोडलं. मग मुलीने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. ते काकांना पटलं नाही. माझं पटलं होतं.

परवा गेटपाशी भेटले. हसत हसतच म्हणाले, "ताई, नातीला शाळंत सोडाया आता म्या जात नाय. रस्त्यात तिलाच इसरलो म्हंजी?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, वय झालं की व्हायचंच असं."