न समजता दिलेला होकार

अहमदपूरचा मल्लिनाथ हलकुडे डाळमिलचा फिटर. तीस वर्षं त्यानं लातूर, उदगीर, नांदेडच्या मिलांमधली यंत्रं बसवली, खोलली, पुन्हा बसवली. नुसत्या आवाजावरून कोणतं बेअरिंग जाणार ते तो सांगायचा. माणसांशी बोलायचं काम मात्र कमी, आणि त्याची त्याला हौसही नव्हती.

त्याचे मालक राजशेखर शेठ डाळमिलची यंत्रं बनवून विकत. एकदा आफ्रिकेतल्या बेनिन देशातून मागणी आली. तिकडंही तूर पिकते. मल्लिनाथ सहा आठवडे जाऊन मिल उभी करून आला. तिथला कारभार सगळा फ्रेंचमध्ये. मॅनेजरला थोडं इंग्रजी यायचं, मल्लिनाथला कामापुरतं. बाकी सगळे हातवारे. मिल चालवायला ठेवलेला कोस्सी हा पस्तिशीतला माणूस तर मल्लिनाथच्या हातांकडं बघूनच शिकला. दुपारी तो मल्लिनाथसाठी भाजलेली कणसं आणि शेंगदाणे आणायचा, आणि दोघं एका पोत्यावर बसून खायचे.

निघायच्या दिवशी मॅनेजर बाहेरगावी होता. कोस्सीनं मल्लिनाथचा हात हातात धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. मल्लिनाथला एक अक्षरही कळलं नाही. त्याला एकच फ्रेंच शब्द येत होता, ‘वी’, म्हणजे हो. तो चार-पाचदा ‘वी, वी’ म्हणाला. कोस्सीचा चेहरा खुलला. मल्लिनाथ गाडीत बसला.

चार महिन्यांनी राजशेखर शेठनी त्याला ऑफिसात बोलावलं. समोर बेनिनहून आलेला मेल होता.

“काय रे, तिकडं काय कबूल करून आलास?”

“मी? काहीच न्हाई, मालक.”

शेठनी वाचून दाखवलं. तूर सोलणाऱ्या रोलरवर खरखरीत थर असतो, तो झिजतो. तो नव्यानं कसा चढवायचा हे पुढच्या हंगामाआधी येऊन शिकवीन, असा शब्द मल्लिनाथनं कोस्सीला दिला आहे. जुने रोलर काढून ठेवून सगळे वाट बघत आहेत. तर कधी येता?

शेठना हसू आलं. “कळवून टाकतो, भाषेचा घोटाळा झाला म्हणून. नवे रोलर घेतील की.”

“नका कळवू, मालक. मी हो म्हणून आलोय.”

“अरे, तुला कळलं तरी होतं का?”

“मला न्हाई कळलं. पण त्येला वाटलं ना, कळलं म्हणून.”

घरी मंजुश्रीला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग जा अन् शिकवून या.”

“पुन्हा मुक्यावानी जाऊ? अन् थर चढवणं हातवाऱ्यानं न्हाई सांगता येत. किती वाळू द्यायचं, का वाळू द्यायचं, हे बोलावंच लागतंय.”

मंजुश्रीची भाची शिवानी नांदेडला शिकत होती. तिनं पत्ता काढून दिला. नांदेडच्या श्रीनगर भागात एका दुकानाच्या वर बुद्धप्रिया सोनकांबळे नावाच्या बाई दर रविवारी फ्रेंच शिकवायच्या. हैदराबादला शिकून आलेल्या, वय चौतीस. मल्लिनाथ सकाळच्या एसटीनं निघाला, लोह्यावरून नांदेड गाठलं आणि जिना चढला. आत कॅनडाला जायचं म्हणून आलेली बारा पोरंपोरी बसली होती.

“या काका. मुलीच्या ॲडमिशनसाठी का?” बुद्धप्रियानं विचारलं.

“न्हाई मॅडम. मीच हाय.”

तिनं रजिस्टर पुढं ओढलं आणि नाव लिहून घेतलं.

पहिले तीन महिने हालात गेले. एकोणपन्नासाव्या वर्षी जीभ वळेना. शब्दाच्या शेवटी लिहिलेली अक्षरं म्हणायचीच नाहीत, हे तर त्याला पटेचना. यंत्रात बिनकामाचा एक नटसुद्धा कुणी ठेवत नाही. चाचणीत त्याला चाळीसपैकी सहा मिळाले. त्या रविवारी परतताना त्यानं ठरवलं, आता बस झालं. पण पुढच्या रविवारी मंजुश्रीनं न विचारताच डबा भरला, आणि तो गेला.

त्या दिवशी आकडे होते. साठपर्यंत ठीक चाललं. ऐंशीला फ्रेंच लोक ‘चार-वीस’ म्हणतात आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’, हे ऐकून वर्गानं कपाळाला हात लावला.

मल्लिनाथ मागून म्हणाला, “यात अवघड काय हाय? आमची अव्वा अशीच मोजती. चार विसा. चार विसा अन् धा.”

“तुमच्या आई?”

“हाव. सिद्धम्मा. तिला नव्वद म्हणलेलं समजतच न्हाई.”

बुद्धप्रियानं त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्यानं सत्तर ते नव्व्याण्णव सगळे आकडे लिहिले, दोनच चुकले. पोरं वह्यांत उतरवून घेऊ लागली. तेव्हापासून मात्र त्यानं क्लास सोडायची भाषा केली नाही.

वर्षभरात तो पहिल्या पायरीची परीक्षा पास झाला. त्यातच बेनिनहून दुसऱ्या यंत्राची मागणी आली, म्हणून तिकीटही निघालं. तोवर शब्द दिलेला हंगाम उलटून गेला होता.

मिलच्या दारात कोस्सीनं हात मिळवला, पण हसला नाही. “तू हो म्हणाला होतास,” तो फ्रेंचमध्ये म्हणाला. हे मल्लिनाथला लख्ख कळलं. उत्तर त्यानं विमानात घोकून ठेवलं होतं.

“हो म्हणालो. पण मला समजलं नव्हतं. मला तेव्हा तेवढा एकच शब्द येत होता.”

“आणि आता?” कोस्सीनं विचारलं.

“आता समजतं. हळू बोललास तर.”

कोस्सी मोठ्यानं हसला, आणि मग मुद्दाम एकेक शब्द सुटा करत बोलू लागला.

सगळं समजत होतं असं मुळीच नाही. पहिला थर चढवल्यावर कोस्सी ‘युमीद, युमीद’ म्हणत होता, म्हणजे अजून ओलं आहे. मल्लिनाथनं ऐकलं ‘युइल’, म्हणजे तेल. तेल गळतंय समजून त्यानं अर्धा दिवस गिअरबॉक्स खोलून बघितला. गळती सापडली नाही, म्हणून रोलर फिरवून पाहिला, तर ओला थर ढासळून खाली. कोस्सीनं डोक्याला हात लावला. मग दोघांनी खाली बसून तो शब्द वहीत लिहिला. दुसरा रोलर चार दिवस वाळू दिला आणि तो टिकला. तीन आठवड्यांत कोस्सी आणि त्याचे दोन जोडीदार थर चढवायला शिकले.

मल्लिनाथ अजूनही रविवारी नांदेडला जातो. दुसऱ्या पायरीच्या परीक्षेत तो ऐकण्याच्या भागात नापास झाला. बुद्धप्रिया म्हणाली, “काका, कान तयार करा.” म्हणून कोस्सी फोनवर बोलून निरोप पाठवतो, आणि मल्लिनाथ ते ऐकत बसतो.

परवाचा निरोप त्यानं तीनदा ऐकला. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “कोस्सीला मुलगी झाली.”

“बरं झालं. बाळंतीण कशी हाय?” मंजुश्रीनं विचारलं.

“ते न्हाई सांगितलं त्यानं.”

“मग विचारा की.”

बाळंतिणीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते मल्लिनाथला आठवेना. त्यानं वही उघडली, ‘तुझी बायको कशी आहे’ एवढं वाक्य जुळवलं, दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि फोन उचलला.